खपलीचं देणं: तांबेरा, गहू आणि जनुकांच्या खुणा

आजचा विषय गहू आणि त्याचा एक जुना रोग. आपल्याकडे त्याला तांबेरा म्हणतात, काही भागांत गेरवा म्हणतात. दोन्ही नावं रंगावरून पडलेली. रोग लागलेल्या शेतातून चालत गेलात तर कपड्यांना तांबूस पूड लागते. ही पूड म्हणजे एका बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्यावर उडतात, शेकडो मैल जातात आणि ओलावा मिळाला की गव्हाच्या पानावर रुजतात.

गव्हावरचा तांबेरा तीन प्रकारचा असतो. खोडावर येतो तो काळा तांबेरा, पानावर येतो तो नारिंगी किंवा तपकिरी, आणि पानावर पट्ट्यापट्ट्यांनी येतो तो पिवळा. पिवळ्याला थंडी लागते, म्हणून तो उत्तरेकडे जास्त. आपल्या महाराष्ट्रात मुख्यतः काळ्याची आणि नारिंगीची काळजी करावी लागते. तिघांपैकी काळा सगळ्यांत घातक. ओंबी भरायच्या वेळी तो खोडात शिरतो, दाण्याकडे जाणारा रस तोडतो आणि हातातोंडाशी आलेलं पीक पंधरा-वीस दिवसांत घालवतो. दाणा सुरकुतलेला, पोकळ निघतो.

आज सांगायचं आहे ते जनुकीय खुणांच्या, म्हणजे मार्करच्या, मदतीने रोगाला दाद न देणारा गहू कसा तयार करतात याबद्दल. पण हे तंत्र एकदम समोर ठेवलं तर ते नुसतं प्रयोगशाळेतलं कौतुक वाटेल. ते कुठल्या अडचणीतून आलं हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

देवाचा कोप ते बुरशी

रोमन लोकांनी तांबेऱ्यासाठी रोबिगस नावाचा एक देवच मानला होता. दरवर्षी २५ एप्रिलला त्याचा सण असे आणि पिकावर कृपा ठेव म्हणून त्याला बळी देत. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. १८३० च्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यात गव्हावर लागोपाठ मोठा तांबेरा आला. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला माहीत असलेला स्लीमन तेव्हा त्या भागात अधिकारी होता. मैलोन् मैल उभा गहू असा गेला की कापणीची मजुरीसुद्धा सुटेना, असं त्याने लिहून ठेवलं आहे. लोक कारण शोधत होते ते कोणाच्या तरी पापात.

ही बुरशी आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं ते इटलीतल्या फेलिचे फोंताना आणि तार्जोनी तोत्सेत्ती या दोघांनी, वेगवेगळं काम करून, १७६७ मध्ये. पुढे १८६५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी याने दाखवलं की काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपलं अर्धं आयुष्य गव्हावर आणि अर्धं बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपावर काढते. युरोप-अमेरिकेत मग बार्बेरी उपटायच्या मोहिमा निघाल्या.

भारतात मात्र हे गणित जुळेना. आपल्या मैदानी भागात उन्हाळा एवढा कडक की बुरशी त्यात टिकत नाही. मग दरवर्षी ती पुन्हा येते कुठून? हे कोडं सोडवलं ते आग्रा कॉलेजच्या प्रा. करमचंद मेहता यांनी. वर्षानुवर्षं हवेतले बीजाणू पकडून आणि डोंगराळ भागात हिंडून त्यांनी दाखवलं की बुरशी उन्हाळा काढते ती हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत. तिथून ती वाऱ्याबरोबर खाली उतरते. पुढे १९७० च्या दशकात हेही उलगडलं की निलगिरीतून निघालेले काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्यांवर मध्य भारतापर्यंत पोचतात आणि पावसाबरोबर शेतात पडतात. म्हणजे आपल्या शिवारातल्या रोगाचं मूळ हजार-बाराशे किलोमीटरवर असू शकतं. अशा रोगाला बांध घालून अडवता येत नाही. अडवायचं तर ते गव्हाच्या अंगातच असावं लागतं.

मेंडेलचा गहू

गव्हाच्या काही वाणांना तांबेरा कमी लागतो हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होतं. पण हा गुण पुढच्या पिढीत कुठल्या नियमाने उतरतो? १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि पाचच वर्षांनी, १९०५ मध्ये, केंब्रिजच्या रोलंड बिफेनने गव्हावर त्यांचा पडताळा घेतला. पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा एक गहू आणि न पडणारा एक, यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी रोपं रोगट निघाली. दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक रोप निरोगी निघालं. म्हणजे प्रतिकार हा एका जनुकाचा खेळ होता आणि हिशेबात बसणारा होता. या वाटेने बिफेनने काढलेला ‘लिटल जॉस’ हा वाण १९१० मध्ये बाहेर आला.

तेव्हा वाटलं, प्रश्न सुटला. प्रतिकाराचं जनुक शोधा, चांगल्या गव्हात आणा, झालं. पण तसं झालं नाही.

स्टॅकमनची बारा ताटं

१९१६ मध्ये उत्तर अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ३० कोटी बुशेल गहू गेला, म्हणजे आजच्या मापात ८० लाख टनांच्या घरात. महायुद्ध चालू होतं, युरोपला धान्य हवं होतं. मिनेसोटा विद्यापीठातला एल्विन स्टॅकमन या रोगाच्या मागे लागला होता. त्याला दिसलं की सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसणारी ही बुरशी एकसारखी नाही. एका गव्हावर तुटून पडणारी बुरशी दुसऱ्या गव्हाला हात लावत नाही आणि दुसऱ्या गावची बुरशी नेमकं उलट वागते. एकाच बुरशीच्या आत अनेक ‘रेस’, म्हणजे वंश, होते.

हे वंश ओळखायचे कसे? डोळ्यांना तर सारखेच दिसतात. स्टॅकमनने युक्ती केली. त्याने गव्हाचे बारा निवडक प्रकार घेतले. आणलेली बुरशी या बाराही प्रकारांच्या रोपांवर सोडायची आणि कुठे रोग येतो, कुठे येत नाही याची नोंद करायची. ती नोंद म्हणजे त्या वंशाची ओळख. बारा ताटं मांडायची आणि पाहुणा कुठल्या ताटाला हात लावतो त्यावरून त्याचं गाव ओळखायचं, असाच हा प्रकार.

या बारा प्रकारांची यादी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात लिटल क्लब, मार्क्विस, कुबांका अशी नावं आहेत आणि शेवटी एक नाव आहे: खपली.

हो, आपला खपली गहू. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात पिकतो तो. दाण्याचं तूस इतकं घट्ट की मळणीत सुटत नाही, कांडावं लागतं. खिरीला आणि पुरणपोळीला नावाजलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं बी भारतातून अमेरिकेत गेलं आणि तिथे लक्षात आलं की काळ्या तांबेऱ्याचे बहुतेक वंश याच्यापुढे हात टेकतात. पुढे कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत बुरशीची ओळख पटवायला खपलीची रोपं लावली गेली. आपल्याकडे मात्र तो उत्पन्न कमी म्हणून शेतातून मागे पडत गेला. खपलीची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

राखणदार आणि चोर

वंशांच्या शोधाने एक अप्रिय गोष्ट स्पष्ट झाली. नवा प्रतिकारक वाण आला की तो लोकप्रिय होतो, लाखो हेक्टरांवर पसरतो, आणि मग कुठेतरी त्याला भेदणारा नवा वंश तयार होतो. त्या वंशासाठी आता सगळीकडे तयार जेवण वाढलेलं असतं. अमेरिकेत १९५० नंतर ‘१५ बी’ नावाच्या वंशाने हेच केलं. १९५३-५४ मध्ये तिथल्या डुरम गव्हाची धूळधाण झाली. भारतात कल्याणसोना घ्या. हरितक्रांतीचा लाडका वाण, १९६७ च्या सुमारास आला, देशभर गेला आणि पाच-सात वर्षांतच नारिंगी तांबेऱ्याने त्याला गाठलं.

असं का होतं याचं उत्तर हॅरल्ड फ्लोर याने १९४० च्या दशकात दिलं. तो जवसाच्या तांबेऱ्यावर काम करत होता. त्याचा निष्कर्ष असा: झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतं. सोप्या भाषेत सांगतो. झाडातलं जनुक म्हणजे वाड्याचा राखणदार. त्याला चोराची एकच खूण माहीत आहे, समजा लाल टोपी. लाल टोपी दिसली की तो आरडाओरडा करतो आणि वाडा जागा होतो. पण चोराने टोपी काढून ठेवली तर? राखणदार तिथेच उभा आहे, जागा आहे, पण चोर त्याच्या समोरून आत जातो.

आता उपाय सुचतो का बघा. एकाऐवजी चार राखणदार ठेवायचे. एकाला टोपी माहीत, दुसऱ्याला चाल, तिसऱ्याला आवाज, चौथ्याला चप्पल. आता चोराला सगळ्या खुणा एकाच वेळी बदलाव्या लागतील. समजा, एक खूण बदललेला बीजाणू दहा लाखांत एक सापडतो. दोन खुणा एकदम बदललेला मग एक लाख कोटींत एक. तीन-चार खुणांचं गणित तुम्हीच करा. जनुकांची अशी एकावर एक रचना करण्याला ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात, आपण मोळी बांधणं म्हणू.

कल्पना सोपी आहे आणि जुनी आहे. मग ती १९६० मध्येच का अमलात आली नाही? कारण एक मोठी अडचण होती, आणि तिथेच मार्करची गरज सुरू होते.

संकरातून आलेल्या हजार रोपांवर तुम्ही बुरशी सोडली. काही रोपं निरोगी राहिली. त्यांतल्या एकात प्रतिकाराचं एकच जनुक असेल, दुसऱ्यात चार असतील. दिसायला दोन्ही सारखीच निरोगी! एक राखणदार ओरडला तरी चोर पळतो आणि चार ओरडले तरी पळतो. बाहेरून ऐकणाऱ्याला आत किती राखणदार आहेत हे कसं कळणार? रोगाच्या चाचणीने एवढंच कळतं की प्रतिकार आहे. तो किती पायांवर उभा आहे हे कळत नाही. त्यातून चार जनुकं शुद्ध स्वरूपात एकत्र असलेलं रोप दुसऱ्या पिढीत २५६ मध्ये एक. ते डोळ्यांनी निवडायचं म्हणजे जवळजवळ अशक्य.

काळ्या तुसाची खूण

खुणेवरून गुण ओळखायची कल्पना मात्र डीएनएच्या आधीची आहे. १९२३ मध्ये कार्ल सॅक्सने घेवड्यावर दाखवलं की बियाचा रंग आणि बियाचं वजन पिढ्यान् पिढ्या जोडीने जातात. रंगाचं जनुक आणि वजनाचं जनुक गुणसूत्रावर शेजारी असल्यामुळे रंग पाहून वजनाचा अंदाज बांधता येत होता.

गव्हात याचं सुंदर उदाहरण आहे. अमेरिकेतल्या साउथ डकोटात एडगर मॅकफॅडन नावाचा एक तरुण होता. साथीच्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्याने मार्क्विस या चांगल्या पावाच्या गव्हाचा यारोस्लाव नावाच्या एमर गव्हाशी संकर केला. एमर म्हणजे आपल्या खपलीच्याच जातकुळीचा गहू. त्याची गुणसूत्रं २८, पावाच्या गव्हाची ४२. संकर जमणं मुश्किल, बी मोजकंच मिळालं आणि पुढच्या रोपांत वांझपण. त्यातूनही चिकाटीने त्याने एक वाण काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘होप’, म्हणजे आशा.

होपमधून जे जनुक पुढे गेलं त्याला आज एसआर-२ म्हणतात. ते राखणदारासारखं आरडाओरडा करत नाही, बुरशीची वाढ धीमी करतं. रोग येतो, पण उशिरा आणि कमी. बुरशीला यावर मात करायला एका टोपीची अदलाबदल पुरत नाही, म्हणून हे जनुक जवळजवळ शंभर वर्षं उपयोगी राहिलं आहे. स्टॅकमनचा विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोला गेला आणि त्याने तिथे काढलेल्या गव्हांतून हे जनुक जगभर पसरलं.

पण धीम्या प्रतिकाराची रोपं निवडायची कशी? लहान रोपावर चाचणी घेतली तर ती रोगटच दिसतात. पैदासकारांच्या लक्षात आलं की ज्या गव्हात एसआर-२ आहे त्याच्या तुसांवर आणि पेऱ्यांखाली एक काळसर छटा येते. मग ते काळं तूस पाहून रोपं निवडू लागले. डोळ्यांना दिसणारा हा मार्करच. अडचण एवढीच की हवामान बदललं की छटा कधी दिसते, कधी दिसत नाही.

पत्ता कसा सांगतात

आता डीएनएच्या खुणा. खेड्यात पत्ता विचारला तर घरनंबर कोणी सांगत नाही. ‘मारुतीच्या देवळामागचं दुसरं घर’ असं सांगतात. मार्कर म्हणजे हे देऊळ. तुम्हाला हवं आहे ते घर, म्हणजे प्रतिकाराचं जनुक. ते बाहेरून ओळखू येत नाही. पण त्याच्या शेजारचा डीएनएचा एक तुकडा असा असतो की तो एका वाणात लांब असतो आणि दुसऱ्यात आखूड. त्याची लांबी मोजता येते. देऊळ दिसलं की घर जवळच असणार.

जवळच असणार, पण खात्रीने असेलच असं नाही. पिढी बदलताना गुणसूत्रांची तुटफूट आणि जोडणी होते, त्यात देऊळ आणि घर वेगळे होऊ शकतात. जितकं अंतर कमी तितकी फसगत कमी. सगळ्यांत उत्तम म्हणजे घराच्या दारावरचीच पाटी, म्हणजे जनुकातलाच फरक वाचणारा मार्कर.

डीएनएतल्या अशा फरकांवरून नकाशे काढता येतील ही मांडणी १९८० मध्ये माणसाच्या डीएनएसाठी झाली. १९८३ मध्ये कॅरी मलिसला पीसीआरची युक्ती सुचली, त्यामुळे पानाच्या इवल्याशा तुकड्यातून हवा तो डीएनए वाढवून घेता येऊ लागला. गहू मात्र या शर्यतीत मागे राहिला, आणि त्याला कारण होतं. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, गव्हाचा १६०० कोटींच्या वर. पावाचा गहू तीन गवतवर्गीय पूर्वजांच्या मिलाफातून झालेला, त्यामुळे प्रत्येक धड्याच्या तीन प्रती, आणि त्यात पुनरुक्तीचा प्रचंड पसारा. १९९८ मध्ये जर्मनीतल्या गाटर्सलेबनच्या संस्थेतून गव्हाचा मायक्रोसॅटेलाइट मार्करचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि काम वेगाने सुरू झालं. एसआर-२ जवळचा मार्कर २००३ मध्ये मिळाला, त्याहून नेमका २०११ मध्ये. पूर्ण जीनोमचा संदर्भग्रंथ म्हणावा असा मजकूर २०१८ मध्ये तयार झाला. त्यात ‘२ ए’ या गुणसूत्राच्या कामात भारतीय संस्थांचा वाटा होता.

प्रत्यक्षात काम असं चालतं. रोप दोन पानांचं झालं की पानाचा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, चार जनुकांचे चार मार्कर तपासायचे. ज्यात चारही आहेत ती रोपं ठेवायची, बाकीची उपटायची. रोगाची वाट पाहायची गरज नाही, हवामानावर भरवसा नको. चांगल्या वाणात एखादं जनुक आणायचं असेल तर पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करावा लागतो. प्रत्येक वेळी मूळ वाणाचा वाटा वाढतो: ५० टक्के, ७५, ८७.५, ९३.७५. पूर्वी यासाठी सहा-सात फेऱ्या लागत. मार्करने मूळ वाणाचा वाटाही तपासता येतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत भागतं.

न आलेल्या चोरासाठी राखणदार

याची खरी परीक्षा झाली ती युगांडातून आलेल्या एका बातमीनंतर. १९९८ मध्ये तिथे काळ्या तांबेऱ्याचा एक वंश सापडला. १९९९ च्या तपासणीवरून त्याचं नाव पडलं यूजी-९९. त्याने एसआर-३१ हे जनुक भेदलं होतं. हे जनुक राय नावाच्या धान्यातून गव्हात आलेलं, दशकानुदशकं टिकलेलं आणि जगातल्या असंख्य वाणांत असलेलं. काळा तांबेरा इतिहासजमा झाला असं ज्याच्या भरवशावर लोक म्हणू लागले होते, त्यांतलं हे प्रमुख जनुक. यूजी-९९ पुढे केनिया, इथिओपिया, येमेन असा सरकत २००७ मध्ये इराणात नोंदला गेला. नव्वदीच्या वयातला बोरलॉग २००५ मध्ये पुन्हा धोक्याची घंटा वाजवत उभा राहिला.

भारताने काय करायचं? रोग आपल्याकडे आला नव्हता, आजवर त्याची इथे नोंद नाही. पण आपल्या गव्हांत एसआर-३१ वर विसंबलेले वाण पुष्कळ. चाचणी घ्यायला ती बुरशी इथे आणणं म्हणजे आपणच घराला आग लावणं. त्यावर दोन उपाय झाले. एक, आपले वाण केनियातल्या न्जोरो इथल्या केंद्रात पाठवून तिथल्या शेतात तपासायचे. दुसरा उपाय मार्करचा: यूजी-९९ ला जी जनुकं पुरून उरतात ती आपल्या गव्हात आहेत का, हे पानाच्या तुकड्यावरून इथेच पाहायचं. चोर गावात येण्याआधी राखणदार नेमता येतो, हे मार्करमुळे शक्य झालं.

आणि इथे खपली परत येतो. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउसने पूर्वीच खपली आणि स्टाइनवेडेल यांच्या संकरातून ‘खपस्टाइन’ नावाचा गहू काढला होता. खपलीतलं एसआर-१३ हे जनुक यूजी-९९ ला दाद देत नाही, असं आढळलं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी हे जनुक नेमकं हुडकून वेगळं केलं. आता त्याला दारावरची पाटी मिळाली.

पीबीडब्ल्यू ३४३ ची दुरुस्ती

एक उदाहरण घरचं सांगतो. पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण १९९५ मध्ये आला आणि उत्तर भारतात त्याने राज्य केलं. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध त्याची भिस्त वायआर-२७ या जनुकावर होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबात ते भेदणारा वंश आला आणि दशक संपेपर्यंत हा वाण शेतातून उठला. याच घराण्यातला ‘कुब्सा’ इथिओपियात घरोघर होता. २०१० मध्ये तोही पिवळ्या तांबेऱ्याने पडला. तिथल्या शेतकऱ्यांना मग ‘डिगालू’ देण्यात आला. तो पिवळ्याला पुरून उरला, पण २०१३-१४ मध्ये काळ्या तांबेऱ्याच्या वेगळ्याच वंशाने त्याला नेलं. एका रोगातून सोडवून दुसऱ्याच्या तोंडी दिल्यासारखं झालं. लहान शेतकऱ्यासाठी याचा अर्थ तीन-चार वर्षांत दोनदा वाण बदलणं आणि दोनदा नुकसान सोसणं.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने पीबीडब्ल्यू ३४३ टाकून दिला नाही. त्याची चव, त्याचं उत्पन्न लोकांना आवडत होतं. रानटी गवतांतून आलेली दोन जनुकांची जोडी, एक एलआर-३७/वायआर-१७ आणि दुसरी एलआर-७६/वायआर-७०, मार्करच्या मदतीने त्यात आणली. २०१७ मध्ये ‘उन्नत पीबीडब्ल्यू ३४३’ या नावाने तो परत आला. वाण तोच, राखणदार नवे आणि एकाहून जास्त.

महाराष्ट्रातही ही परंपरा जुनी आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने केनियाचा गहू आणि निफाडचा गहू यांच्या संकरातून ‘केनफाड’ वाण काढले होते, नावातच दोन्ही गावं. महाबळेश्वरच्या थंड-दमट हवेत तांबेऱ्यावर संशोधन चालतं. पुण्याची आघारकर संशोधन संस्था नव्या वाणांवर काम करते.

नेहमीचा प्रश्न

अशा व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो: हे जीएम पीक आहे का? नाही. मार्कर गव्हात काही घालत नाही, फक्त वाचतो. संकर नेहमीसारखाच चिमट्याने आणि परागाने होतो. निवड तेवढी डीएनए पाहून होते. वेगळा मार्गही आहे. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी पाच जनुकांची एकच मोळी बांधून ती जैवतंत्राने गव्हात घातल्याचं प्रसिद्ध झालं. तो मात्र जीएम. पाचही जनुकं एकत्रच वारशाने जातात हा त्याचा फायदा. त्याबद्दल मतं वेगळी असू शकतात, पण दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

आणखी एक सावधगिरी. मार्कर सांगतो की राखणदार घरात आहे. तो ज्या चोराला ओळखतो तो चोर अजून तीच टोपी घालतो का, हे मार्कर सांगत नाही. ते कळायला शिमल्याच्या केंद्रात दरवर्षी देशभरचे तांबेऱ्याचे नमुने तपासावे लागतात, रोगाच्या शेतात वाण लावून पाहावे लागतात. मेहतांनी घालून दिलेलं हे काम प्रयोगशाळेने संपवलेलं नाही. आणि चांगलं जनुक एकटंच लाखो हेक्टरांवर सोडलं तर मार्करने आणलेला वाणही कल्याणसोनाच्याच वाटेने जाईल. खरा धडा तंत्राचा नाही, शिस्तीचा आहे: एकट्या जनुकाला रणात पाठवायचं नाही आणि सगळ्या शिवारात एकच वाण लावायचा नाही.

शेवटी एकच मुद्दा. मार्कर जनुक शोधून देतो, तयार करत नाही. जे आधीच कुठेतरी जिवंत आहे तेच तो वाचतो. यारोस्लाव एमर रशियातल्या कोणा शेतकऱ्याने राखला, खपली आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी राखला. तो कोणी जनुकासाठी राखला नव्हता, सणाला खीर चांगली होते म्हणून चार सरी बाजूला पेरल्या जात होत्या. आज खपलीला पुन्हा भाव येतो आहे, त्याचं कारण मधुमेह आणि पचन. कारण कुठलंही असो, तो पेरला जातो आहे हे चांगलं आहे. पण खपली म्हणजे एकच शुद्ध वाण नव्हे, गावागावचा खपली थोडा वेगळा असतो. बाजारासाठी त्यातला एकच सारखा प्रकार उरला आणि बाकीचे गेले, तर त्यांच्यात काय होतं हे विचारायला पुन्हा बी मिळणार नाही. तुमच्या गावात कोणाच्या कणगीत जुना खपली असेल तर त्याचं बी मोडू देऊ नका, जवळच्या कृषी विद्यापीठाला थोडं द्या आणि थोडं पुन्हा पेरा.